गुळगुळीत झालेल्या शब्दांचं काय करायचं?



या मालिकेत माझ्याआधी जे बोलून गेले ते लेखक, प्राध्यापक, संपादक. मी पायदळातला निवृत्त अधिकारी. एकतीस वर्षं नोकरी झाली, आता इंदूरजवळ महूला राहतो, आणि निवृत्तीनंतर कथा लिहायचा नाद लागला आहे. त्यामुळे मी शिकवायला आलोय असं समजू नका. माझ्याच एका कथेचं पोस्टमॉर्टेम तुमच्यासमोर करणार आहे. विषय तुम्हाला कळवलेलाच आहे: वापरून वापरून गुळगुळीत झालेले शब्द आणि वाक्प्रचार, आणि कथा लिहिताना त्यांच्या जागी काय ठेवायचं.

सुरुवात मात्र एका पत्रापासून करतो.

नव्वदच्या दशकात मी काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर कंपनी कमांडर होतो. आमची पोरं बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. त्यातला एक जवान एका दुपारी शत्रूच्या गोळाबारीत गेला. बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्याचं नाव इथे घेत नाही. अशा वेळी घरच्यांना पत्र लिहिणं हे कंपनी कमांडरचं काम असतं. तेव्हा सरकारी तार वेगळी असायची, हे पत्र वेगळं. मी मराठी, शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेला. तेव्हा मी ते स्वतःच्या हाताने, चांगल्या मराठीत लिहिलं. 'आपल्या सुपुत्राने मातृभूमीच्या रक्षणार्थ सर्वोच्च बलिदान दिले. त्यांचे नाव सुवर्णाक्षरांनी लिहिले जाईल. आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखाच्या प्रसंगी सांत्वनासाठी शब्द अपुरे पडतात.' खोटं सांगत नाही, लिहून झाल्यावर मला ते बरं वाटलं होतं. साजेसं वाटलं होतं.

चार-पाच महिन्यांनी सुटीवर आलो तेव्हा त्याच्या गावी गेलो. वडील माळकरी. त्यांनी पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं माझं पत्र काढलं, माझ्या हातात दिलं, आणि जरा वेळाने म्हणाले, "सायेब, राग नसंल तर एक इचारू? शेजारच्या गावात बी एक पोरगा गेला दोन वर्षांमागं. त्येंच्याकडं बी असंच पत्र हाय. नाव तेवढं येगळं. ही पत्रं छापून येत्यात व्हय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "नाही हो काका, मी हाताने लिहिलंय." आणि हे म्हणताना मला कळत होतं की माझ्या हाताने लिहिलेलं असूनही ते छापीलच आहे. ज्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते दुसरं पत्र लिहिलं त्याला मी ओळखत नव्हतो. तो वेगळ्या पलटणीचा. पण आम्ही दोघांनी माल एकाच गोदामातून उचलला होता. आमच्याकडे क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमधून कोट मिळतो ना, तसा. मापं तीनच, माणूस कोणताही असो.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "त्या दिवशी जेवला होता का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सकाळी लंगरमध्ये पुरी-भाजी होती. मी फील्ड टेलिफोनवर अडकलो होतो, माझं ताट तसंच पडून. या पोराने चार पुऱ्या खाल्ल्या, पाचवी कढईतून गरम उचलली आणि माझ्या ताटात टाकली. "साहेब, तुमच्या गार झाल्या." एवढंच म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. मी त्याचं शेवटचं ऐकलेलं वाक्य हेच.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते घरात जाऊन त्याच्या आईला सांगितलं. मी ओट्यावर बसून होतो. आतून त्या माउलीचा आवाज आला, "पाचवी सायबाला दिली म्हनं." पुन्हा थोड्या वेळाने, "चार खाल्ल्या म्हनं."

ही गोष्ट पत्र लिहिताना मला माहीत होती. चार दिवसांपूर्वीची तर होती. मग ती पत्रात का आली नाही? कारण पेन कागदाला टेकवल्याबरोबर 'सर्वोच्च बलिदान' तयार होतं. आयता शब्द हाताशी असला की माणूस आठवायच्या भानगडीत पडत नाही. पुढे मी जेवढी अशी पत्रं लिहिली, आणि दुर्दैवाने लिहावी लागली, त्या प्रत्येकात त्या माणसाची एक तरी अशी गोष्ट घातली जी दुसऱ्या कुणाच्या पत्रात जाऊ शकणार नाही.

आता कथेकडे येतो. इतका धडा मिळालेला माणूस, निवृत्तीनंतर त्याच प्रसंगावर कथा लिहायला बसला आणि त्याने काय लिहिलं? नऊ पानं लिहून बायकोला वाचायला दिली. ती शाळेत मराठी शिकवायची. पेन्सिल घेऊनच बसली. तिसऱ्या पानावर माझ्या कथेतला मेजर बातमी ऐकतो आणि 'त्याच्या पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली, काळजात चर्र झालं.' ती म्हणाली, "अहो, एकाच माणसाला एकाच ओळीत इतकं सगळं झालं? डॉक्टर बोलवा." नऊ पानांत तिने एकतीस ठिकाणी खुणा केल्या होत्या. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक.

मी काय केलं सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण हेच करत असणार. मी पर्यायी शब्द शोधायला लागलो. 'पायाखालची जमीन सरकली' काढलं, 'धरणी दुभंगली' घातलं. तेही जुनंच वाटलं म्हणून 'आभाळ कोसळलं' केलं. म्हणजे गोदाम तेच, फडताळ दुसरं. 'म्हणाला' फार वेळा आलं म्हणून एकदा 'उद्गारला', एकदा 'उत्तरला', एकदा 'वदला' केलं. 'वदला' वाचून बायकोने पेन्सिल खाली ठेवली. मंडळी, 'म्हणाला' बदलायच्या फंदात पडू नका. वाचकाचं लक्ष त्याच्याकडे जातच नाही. चांगल्या वाढप्यासारखा तो वाढून निघून जातो.

आणि खरे समानार्थी शब्द आपण समजतो तितके नसतातच. पाणी, जल, नीर, उदक हे शाळेत आपण एका ओळीत पाठ केले. पण तहान लागल्यावर कुणी उदक मागत नाही. उदक आता पूजेत राहिलं, आणि 'आशेवर उदक सोडलं' अशा बोलण्यात. प्रत्येक शब्दाची ठरलेली पोस्टिंग असते. चटकन, झटकन, पटकन हे एकसारखे वाटतात, पण हात झटकन मागे घेतात, निर्णय पटकन घेतात. डोळ्यांत पाणी टचकन येतं, आणि टचकन दुसरं फारसं काहीच येत नाही. मराठीची ही श्रीमंती आहे. पावसाचंच बघा: रिपरिप वेगळी, भुरभुर वेगळी, सर वेगळी, दिवसचे दिवस लागलेली झड वेगळी, उन्हाळ्याच्या शेवटी येणारा वळीव वेगळा. आणि आम्ही कथेत लिहितो 'मुसळधार पाऊस'. ज्याने आयुष्यात मुसळ पाहिलेलं नाही तोही मुसळधारच लिहितो.

त्यासाठी कोश जरूर चाळा. मोल्सवर्थचा चाळा. हा मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्तच जीव. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, आणि तो आज इंटरनेटवर फुकट पाहता येतो. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. पण कोशात जाताना 'याला दुसरा शब्द काय' असं विचारत जाऊ नका. आधी वस्तू डोळ्यांपुढे आणा, मग 'याचं नेमकं नाव काय' हे विचारायला जा.

वस्तू डोळ्यांपुढे कशी आणायची? इथे मला माझी जुनी नोकरी उपयोगी पडली.

रंगरूटांना फील्डक्राफ्टमध्ये एक धडा असतो. नाव फार सुंदर आहे: 'चीज़ें क्यों नज़र आती हैं'. समोरच्या टेकडीवर शत्रू बसलाय, तो तुला का दिसतो? तो हलला म्हणून. त्याचं काहीतरी चमकलं म्हणून. त्याची सावली पडली म्हणून. आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची आकृती उठली म्हणून. थोडक्यात, आजूबाजूपेक्षा काहीतरी वेगळं झालं की वस्तू दिसते. झाडीत झाडीसारखा बसलेला माणूस दिसत नाही.

एके दिवशी कथेशी झटापट करताना मला हा धडा आठवला. माणसाचं दुःखही असंच दिसतं. रोजच्या वागण्याच्या पार्श्वभूमीवर ते हललं की दिसतं. म्हणजे आधी मला त्या माणसाचा रोजचा दिवस माहीत पाहिजे. माझ्या कथेतला बाप शेतातून आला की दारातल्या दगडावर पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हे मी पहिल्या पानावर सहज सांगून ठेवलं. सातव्या पानावर पोस्टमन येऊन जातो, आणि तो बाप चिखलाच्या पायांनी थेट माजघरापर्यंत चालत जातो. मागे पावलं उमटतात. आधी त्या जागी होतं: 'त्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.' आता डोंगर नाही, पावलं आहेत.

आणि तो मेजर? जमीन सरकलेला? त्याच्यासाठी मी आठवायला बसलो की बातमी आली तेव्हा मी स्वतः काय केलं होतं. नवा मजकूर असा झाला: 'त्याने निरोप ऐकला. लॉगबुकात वेळ लिहिली, चौदा चाळीस. मग पेनचं टोपण शोधायला लागला. टेबलावर, टेबलाखाली, खिशात. टोपण पेनलाच मागे लावलेलं होतं.' बायकोने यावर खूण केली नाही.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांना युद्धाचा अनुभव कुठून असणार? खरं आहे, पण ज्यांना असतो तेही तो वापरत नाहीत, ही माझी तक्रार आहे. मीच लिहिलं होतं, 'गोळ्यांचा वर्षाव होत होता.' अरे, तुझ्या डोक्यावरून गोळ्या गेल्यात ना? मग? रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटते. म्हणून आधी कानाशी चाबूक वाजल्यासारखा 'टक्‌' होतो, ती गोळी बाजूने गेली त्याचा. आणि मग लांबून 'धप्प' येतो, तो बंदुकीचा. त्या दोन आवाजांमधल्या वेळावरून गोळी मारणारा किती लांब आहे याचा अंदाज बांधायला आम्हाला शिकवतात. म्हणजे घाबरलेला माणूस त्या क्षणी मोजत असतो! हे 'वर्षावा'त कुठे आलं? तसंच 'रक्ताच्या थारोळ्यात'. थंडीत अंगावर कपड्यांचे चार-पाच थर असतात. रक्त आधी आतल्या आत त्यांत मुरतं. बाहेरून पाहणाऱ्याला कळतच नाही, तो म्हणतो, उठ ना. 'भयाण शांतता' घ्या. उंचावरच्या चौकीवर रात्री शांतता असते, पण बुखारी घुरघुरत असते, संत्र्याचे बूट बर्फावर करकरतात, शेजारच्या झोपलेल्याचा श्वास मधेच अडकतो. ती शांतता यांच्यातूनच ऐकू येते. 'टाचणी पडली तरी आवाज होईल' असं लिहिणाऱ्याने एकदा खरंच टाचणी पाडून बघावी.

शब्द गुळगुळीत का होतो, याचाही विचार करा. तो वाईट असतो म्हणून नव्हे. बहुतेक वेळा तो पहिल्यांदा इतका चांगला असतो की सगळे उचलतात. 'धारातीर्थी पडला' हा शब्द बघा. धारा म्हणजे तलवारीची धार, आणि तीच तीर्थ. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला सलाम. पण तोफगोळ्याचा तुकडा लागून गेलेल्या माणसाला आपण धारातीर्थी पाठवतो तेव्हा धारही दिसत नाही आणि तीर्थही. 'शहीद' तर हल्ली बातम्यांत उठताबसता येतो. लष्कराच्या कागदपत्रांत तो नसतो. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं, कोरडं, हिशेबाचं. मराठीत 'हुतात्मा' आहे, 'वीरमरण' आहे. कथा कोण सांगतंय त्यावर यातला कोणता हे ठरतं. पण ज्या घरातून तो गेला तिथे काय म्हणतात हे मी ऐकलंय. त्याची चुलती मला म्हणाली, "आमचं पोरगं तिकडंच ऱ्हायलं." मला यापेक्षा जड वाक्य माहीत नाही, आणि त्यातला एकही शब्द जड नाही.

आता जरा उलट बाजू. फौजेत आयते शब्द लागतात, आणि ते बदललेले चालत नाहीत. वायरलेसवर समोरच्याचं ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. 'रिपीट' म्हणायचं नाही, कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा. तिथे कुणी कल्पकता दाखवली तर माणसं मरतील. ठरीव शब्दाचा गुण हाच की ऐकणाऱ्याला विचार करावा लागत नाही. वायरलेसवर जो गुण, तोच कथेत दोष, कारण कथेत वाचकाने जरा थांबावं, बघावं असं आपल्याला हवं असतं. जॉर्ज ऑर्वेल हा उमेदीची वर्षं ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता, म्हणजे वर्दीतलाच. त्याने १९४६ साली इंग्रजीबद्दल एक निबंध लिहिला. छापलेली पाहून पाहून सवयीची झालेली उपमा वापरू नका, असा त्यातला एक नियम. फार कडक नियम आहे. मी अर्धाच पाळतो, का ते शेवटी सांगतो.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हा रोग जास्त जडतो असं माझं मत आहे. माझा दूधवाला हिंदी बोलतो, बँकेत इंग्रजी, नातवंडांशी खिचडी. मराठी आपल्याकडे पुस्तकांतून, नाटकांतून आणि हल्ली मालिकांतून येते. चांदीच्या भांड्यांसारखी ती सणासुदीला बाहेर निघते. त्यामुळे लिहायला बसलो की हाताला लागतो तो छापील वाक्प्रचार. यावर मी एक उपाय करतो. प्रसंग ज्या भाषेत घडला त्या भाषेत आधी आठवतो. जवानांची हिंदी तर हिंदी. मग मराठी शोधतो. आणि जिथे मूळ शब्दच खरा असेल तिथे तो ठेवतो. बुखारीला मी शेगडी म्हणणार नाही, लंगरला भोजनगृह तर मुळीच नाही. बडोदा, हैदराबाद, इंदूर इथल्या घरांत जे बोललं जातं ते कथेत येऊ द्या. पुण्याचा वाचक दोनदा अडखळेल, तिसऱ्यांदा शिकेल.

दोन-तीन कामाच्या गोष्टी घाईने सांगतो. पहिला खर्डा लिहिताना या शब्दांना अडवू नका, नाहीतर कथाच व्हायची नाही. 'काळजाचा ठोका चुकला' येतंय, येऊ द्या. ती खूण समजा की इथे मी पाहिलेलं नाही, परत यायचंय. दुसरं, प्रत्येकाचे स्वतःचे लाडके शब्द असतात. कॉम्प्युटरवर शोधायची सोय आहे, तीत टाकून मोजा. माझ्या नऊ पानांत 'क्षणभर' चौदा वेळा निघाला. चौदा क्षणांत माझी अख्खी लढाई झाली असती. आणि कथा मोठ्याने वाचा. आयता वाक्प्रचार आला की जीभ न थांबता घसरत पुढे जाते, ते लगेच कळतं.

पण नावीन्याच्या मागेही धावू नका. मी एकदा 'पौर्णिमेचा चंद्र सर्चलाइटसारखा चौकशी करत होता' असं लिहिलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढून बघा, १९५५ सालची. चमकदार उपमा शोधाव्या लागतील. माणूस चित्रंही काढायचा, त्यामुळे डोळा तयार होता. आणि ज्यांना हसत हसत शिकायचंय त्यांनी अत्र्यांची 'झेंडूची फुले' वाचावी. आपल्या काळातल्या कवींच्या लाडक्या शब्दांची त्यांनी जी रेवडी उडवली, त्यानंतर ते शब्द वापरताना लोकांना हसू यायला लागलं.

आता तो अर्धा नियम. माझी कथा सध्या पाचव्या खर्ड्यात आहे. बायकोच्या एकतीस खुणांपैकी तीस निकालात निघाल्या. एक राहिली. शेवटच्या पानावर बाप त्या अधिकाऱ्याला एस. टी. च्या थांब्यापर्यंत सोडायला येतो. बराच वेळ काही बोलत नाही. गाडी दिसते तेव्हा म्हणतो, "सोन्यासारखं पोरगं होतं."

बायको म्हणाली, "सोन्यासारखं? हे तर सगळ्यात जुनं."

मी म्हणालो, "हो. पण ते त्यांनी म्हटलंय."

तिने पेन्सिलीची खूण स्वतःच खोडली.